रानातली वटवाघळे मोजायची कशी?

गोव्यात पक्ष्यांच्या किती जाती आढळतात असे विचारले, तर साडेचारशेहून अधिक, असे उत्तर पक्षिनिरीक्षण करणारा कोणीही चटकन देतो. वटवाघळांविषयी हाच प्रश्न विचारला की उत्तर देणारा थोडा थांबतो. त्याला माहिती कमी असते हे एक कारण आहेच. पण दुसरे कारण असे की वटवाघळांच्या बाबतीत ‘किती आढळतात’ हा प्रश्न ‘कशाने शोधली, कुठे शोधली आणि किती रात्री शोधली’ या प्रश्नांपासून सुटा करताच येत नाही. म्हादई, मोले, नेत्रावळी आणि खोतीगाव ही गोव्यातली मोठी संरक्षित जंगले लहान अभयारण्यांसह साडेसातशे चौरस किलोमीटर भरतात, म्हणजे ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या राज्याचा साधारण पाचवा हिस्सा. सह्याद्रीच्या उतारावरचे हे रान २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाच्या रांगेचाच भाग आहे. दिवसा या रानाची बरीच ओळख झालेली आहे. रात्रीच्या रानाची ओळख करून घेण्याची रीत काय, आणि त्या रीतीने मिळालेली यादी वाचायची कशी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

वटवाघूळ हा एकच प्राणी नव्हे. जगात त्यांच्या १,४०० हून अधिक प्रजाती आहेत. सस्तन प्राण्यांच्या दर पाच प्रजातींमागे एक वटवाघळाची निघते. भारतात सव्वाशेहून अधिक प्रजातींची नोंद आहे. समजण्याच्या सोयीसाठी त्यांचे दोन गट करू. पहिला गट फळे आणि मध खाणाऱ्यांचा. वडा-पिंपळावर शेकड्यांनी उलटी लटकणारी, एक मीटरहून अधिक पंखविस्ताराची मोठी वाघळे या गटातली. पेरू आणि चिकू पळवणारी लहान फळखाऊ वटवाघळेही याच गटातली. दुसरा गट प्रामुख्याने किडे खाणाऱ्यांचा. कौलांखाली आणि भिंतीच्या फटीत राहणारी अंगठ्याएवढी वटवाघळे, गुहांच्या छतांना लटकणारी नालाकृती नाकाची वटवाघळे, आणि बेडूक-उंदरांपर्यंत मजल मारणारी मोठ्या कानांची वटवाघळे अशी पुष्कळ विविधता या गटात आहे. शास्त्रज्ञांचे आजचे वर्गीकरण याहून गुंतागुंतीचे आहे. पण पाहणीच्या साधनांच्या दृष्टीने हा जुना भेद फार उपयोगी पडतो, तो कसा ते पुढे येईल.

आपल्या शेजारचेच एक उदाहरण या विषयाचे महत्त्व चांगले दाखवते. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांचे मोठे सर्वेक्षण सुरू केले. ते ब्रिटिश हिंदुस्थान, संस्थाने, ब्रह्मदेश आणि सिलोन अशा प्रदेशांतून बारा वर्षे चालले. त्या काळात बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत एक मोठ्या कानांचे, मोकळ्या शेपटीचे वटवाघूळ मिळाले, आणि १९१३ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफिल्ड थॉमस यांनी त्याचे वर्णन नवी प्रजाती म्हणून प्रसिद्ध केले. सर्वेक्षणाशी निगडित असलेल्या रॉटन यांच्या नावावरून त्याला ओटोमॉप्स रॉटनी हे नाव मिळाले. त्यानंतर बराच काळ, जवळपास नव्वद वर्षे, हे वटवाघूळ साऱ्या जगात त्या एकाच परिसरातून माहीत होते. मेघालय आणि कंबोडिया येथून त्याच्या नोंदी मिळाल्या त्या फार नंतर. बारापेडेचा परिसर आज कर्नाटकातल्या भीमगड अभयारण्यात येतो आणि म्हादईचे अभयारण्य त्याला फारसे दूर नाही. वटवाघळाला राज्याची सीमा कळत नाही, पण नोंदवहीला ती कळते, आणि गुहेच्या या बाजूला पाहणी कमी झाली तर यादीतही या बाजूला जागा रिकामी दिसते. ही रिकामी जागा म्हणजे प्राण्याची अनुपस्थिती नव्हे, हे लक्षात ठेवूनच कोणतीही प्रजातींची यादी हातात घ्यावी असे मला वाटते.

पाहणीची सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे दिवसा विसाव्याच्या जागा शोधणे. गुहा, कपारी, जुन्या लेण्यांचे कोनाडे, पडके वाडे, रस्त्याखालच्या मोऱ्या, पोकळ झाडे आणि कौलारू घरांचे माळे या त्या जागा होत. हरवळे, खांडेपार, लामगाव यांसारखी जांभ्या दगडात कोरलेली लेणी पाहणाऱ्याच्या वहीत आपोआप येतात. पण विसावा घेण्याची जागा नेहमी दगडाचीच असते असे नाही. कुळागरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेत, भेरली माड असतो. त्याच्या लोंबत्या तुऱ्यांमधल्या आतल्या काड्या लहान फळखाऊ वटवाघळाचा नर कुरतडून टाकतो, आत घंटेसारखी पोकळी तयार करतो आणि तिथे माद्यांसह राहतो. केळीच्या सुकलेल्या, गुंडाळलेल्या पानात केशरी-काळ्या पंखांचे चित्रित वटवाघूळ दिवस काढते. वाळक्या पानात ते वाळके पानच वाटते, त्यामुळे केळी साफ करणाऱ्या माणसालाच ते अभ्यासकाच्या आधी दिसण्याची शक्यता अधिक.

प्राणी दिसला नाही तरी त्याची खूण दिसते. मोठ्या कानांची मांसाहारी वटवाघळे शिकार घेऊन ठरलेल्या जागी परततात आणि नको असलेले भाग खाली टाकतात. अशा जागेखाली टोळांचे पाय, पतंगांचे पंख, कधी बेडकाचे अवशेष पडलेले आढळतात. उंडीच्या किंवा बदामाच्या झाडापासून दूर, भलत्याच झाडाखाली गर खरवडलेली फळे आणि बियांचा खच पडलेला दिसला, तर रात्री तिथे फळखाऊ वटवाघळांची पंगत बसते असे समजावे. झाडाच्या बी-प्रसाराचे काम त्या खचातूनच चालते. सावरीची, कुंभ्याची आणि टेटूची फुले रात्री उमलतात आणि त्यांच्या परागीकरणात वटवाघळांचा मोठा वाटा असतो. म्हणून ही झाडे फुलण्याचा काळ पाहणीच्या वेळापत्रकात आधीच लिहून ठेवावा लागतो.

मात्र विसाव्याच्या जागा शोधून तयार झालेली यादी गुहेत राहणाऱ्यांना झुकते माप देते. झाडाच्या सालीखाली एकेकट्याने राहणाऱ्या प्रजाती तीत जवळपास येतच नाहीत. म्हणून रात्री जाळे लावावे लागते. मिस्ट नेट म्हणजे केसासारख्या बारीक धाग्याचे, अंधारात न दिसणारे जाळे. ते साधारण सहा, नऊ किंवा बारा मीटर लांब आणि अडीच मीटरच्या आसपास उंच असते. जंगलातली पायवाट, व्हाळाचे (ओढ्याचे) पात्र, पाण्याचा कोंड अशा ठिकाणी, म्हणजे वटवाघळांच्या रोजच्या वाटेवर, ते बांबूंना बांधून उभे करतात. मार्च-एप्रिलमध्ये व्हाळ आटले की उरलेल्या कोंडांवर पाणी प्यायला वटवाघळे गर्दी करतात आणि जाळे लवकर भरते. तो आकडा पाहून कोणी म्हणेल की उन्हाळ्यात वटवाघळे वाढली. प्रत्यक्षात वाढलेली नसतात, एका जागी गोळा झालेली असतात.

जाळ्याची मोठी मर्यादा उंचीची आहे. झाडांच्या शेंड्यांवरून वेगाने उडणारी मोकळ्या शेपटीची वटवाघळे अडीच मीटर उंचीच्या जाळ्यात क्वचितच येतात. दुसरी मर्यादा अशी की दाट झाडीतून हळू, कुशलतेने उडणाऱ्या काही लहान प्रजातींना त्यांच्या ध्वनीने जाळ्याचा धागासुद्धा जाणवतो आणि त्या ते चुकवतात. त्यांच्यासाठी हार्प ट्रॅप वापरतात. नावाप्रमाणे ती वीणेसारखी चौकट असते. तिच्यात उभ्या तारांच्या दोन ओळी थोड्या अंतराने लावलेल्या असतात. पहिल्या ओळीतून वटवाघूळ निसटते, दुसऱ्या ओळीवर आदळते आणि खाली लावलेल्या कापडी पिशवीत अलगद घसरते. जाळ्यात गुरफटण्याचा त्रास तिथे नसतो, म्हणून नाजूक प्रजातींसाठी हे साधन अधिक बरे. पण चौकट लहान आणि जड. ती अरुंद वाटेवरच उपयोगी पडते.

आता आवाजाकडे वळू. माझ्या मते या विषयातला सर्वांत रंजक आणि सर्वांत फसवा भाग हाच. लाझारो स्पालान्झानी या इटालियन अभ्यासकाने १७९३ पासूनच्या प्रयोगांत दाखवले की डोळे निकामी झालेले वटवाघूळही अंधारात अडथळे चुकवते. त्याच सुमारास लुई ज्युरीन यांनी दाखवले की कान बंद केले तर मात्र ते धडपडते. कारण कळायला दीडशे वर्षे लागली. १९३८ मध्ये डोनाल्ड ग्रिफिन यांनी माणसाच्या कानाला न ऐकू येणारा ध्वनी टिपणाऱ्या यंत्रासमोर वटवाघूळ धरले आणि ‘मूक’ समजला गेलेला प्राणी सतत ओरडत असल्याचे दिसून आले. माणसाच्या ऐकण्याची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २०,००० कंपने. बहुतेक किडेखाऊ वटवाघळे त्याच्या पुष्कळ वर ओरडतात आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून वस्तूचे अंतर आणि हालचाल ओळखतात.

आजचे बॅट डिटेक्टर हे आवाज डिजिटल स्वरूपात साठवतात. ध्वनी बरोबर साठवायचा तर त्याच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा दर सेकंदाला नमुना घ्यावा लागतो. १५० किलोहर्ट्झच्या हाकेसाठी सेकंदाला तीन लाखांहून अधिक नमुने. म्हणून साधा मोबाइल या कामाला पुरत नाही. साठवलेला आवाज दहापट सावकाश वाजवला की तो आपल्या कानाला ऐकू येतो, आणि संगणकावर त्याचा आलेख काढला की प्रत्येक हाकेचा आकार दिसतो. नालाकृती नाकाची आणि पानासारख्या नाकाची वटवाघळे बराचसा वेळ एकाच पट्टीत स्वर लावतात, म्हणून आलेखावर ती सपाट रेघेसारखी दिसतात, आणि ती रेघ कोणत्या आकड्यावर आहे यावरून प्रजातीचा अंदाज बांधता येतो. इतर अनेक प्रजातींचा स्वर वरून खाली झर्रकन घसरतो, आणि त्यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की खात्रीने नाव घेणे अवघड होते.

या यंत्राला बहिरी बाजूही आहे, आणि इथे सुरुवातीला सांगितलेला दोन गटांचा भेद कामी येतो. फळे खाणारी वटवाघळे डोळ्यांवर आणि नाकावर विसंबतात. घशातून काढलेल्या हाकेने ती वाट शोधत नाहीत. गुहेत राहणारे रुसेटस हे फळखाऊ वटवाघूळ तेवढे जिभेने टकटक आवाज काढते. म्हणजे रात्रभर चालवलेला डिटेक्टर सकाळी फळखाऊ वटवाघळांविषयी जवळपास काहीच सांगत नाही, मग ती डोक्यावरून शेकड्यांनी गेलेली का असेनात. त्याशिवाय आवाज जितका उंच पट्टीचा तितका तो हवेत लवकर विरतो. सव्वाशे किलोहर्ट्झच्या वर ओरडणारे लहान वटवाघूळ यंत्रापासून काही मीटरवर आले तरच टिपले जाते, तर उंचावरून उडणाऱ्या मोकळ्या शेपटीच्या वटवाघळाची खालच्या पट्टीतली हाक कितीतरी दुरून येते. मोठ्या कानांची मांसाहारी वटवाघळे तर कुजबुजल्यासारखी ओरडतात, कारण सावजाच्या हालचालीचा आवाज ऐकूनच ती शिकार करतात. तेव्हा ‘डिटेक्टरवर याच्या हाका सर्वांत जास्त’ याचा अर्थ ‘रानात हेच सर्वांत जास्त’ असा होत नाही. कधीकधी त्याचा अर्थ फक्त ‘याचा आवाज सर्वांत मोठा’ एवढाच असतो. पावसाळ्यात बेडूक, रातकिडे आणि थेंबांचा मारा यांनी ध्वनिफिती भरून जातात, ही आणखी एक अडचण.

हाकेवरून नाव सांगणाऱ्या संगणक-प्रणालीही आता आहेत, परंतु त्या ज्या प्रदेशातल्या आवाजांवर तयार झाल्या तिथेच भरवशाच्या. बाहेर घडवलेली प्रणाली म्हादईच्या काठी चालवली तर ती प्रत्येक हाकेला काहीतरी नाव देईलच, मग ते वटवाघूळ या खंडात नसले तरी. त्यामुळे स्थानिक आवाजांचा संग्रह करावा लागतो: वटवाघूळ पकडायचे, मोजमापावरून ओळख पक्की करायची, सोडताना आवाज ध्वनिमुद्रित करायचा. यातही सावधगिरी हवी, कारण हातातून नुकतेच सुटलेले वटवाघूळ मोकळ्या आकाशात ओरडते तसे लगेच ओरडत नाही.

ओळख पटवण्याचे मोजमाप तसे साधे असते. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाची लांबी, वजन, कान आणि नाकावरच्या पडद्याचा आकार, दातांची रचना, नर की मादी, पिल्लू की प्रौढ. पण काही जोड्या या सर्व कसोट्यांना पुरून उरतात. युरोपातले सर्वांना परिचित असे लहान पिपिस्ट्रेल वटवाघूळ खरे तर दोन प्रजातींचे मिश्रण आहे, हे एकाची हाक ४५ किलोहर्ट्झच्या आसपास आणि दुसऱ्याची ५५ च्या आसपास असल्यावरून लक्षात आले आणि डीएनएने त्याला दुजोरा दिला. दक्षिण भारतात नालाकृती नाकाच्या एका तांबूस वटवाघळाच्या बाबतीत असेच घडले: सुमारे ८० किलोहर्ट्झला ओरडणारे आणि सुमारे ९० ला ओरडणारे, असे दोन दिसायला सारखे समूह निघाले, आणि दुसऱ्याला २०१२ मध्ये ऱ्हायनोलोफस इंडोरौक्सी हे वेगळे नाव मिळाले. जुन्या यादीत एक नाव असेल तर त्यामागे दोन प्राणी असू शकतात, हे यावरून ध्यानात येईल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाहणी झाली, यादी झाली. ती पुरी झाली हे कशावरून ठरवायचे? समजा एखादी प्रजाती त्या रानात नक्की आहे, पण एका रात्रीच्या पाहणीत ती सापडण्याची शक्यता २० टक्के आहे. म्हणजे एका रात्री ती हुकण्याची शक्यता ८० टक्के. पाच रात्री सलग हुकण्याची शक्यता ०.८ चा पाच वेळा गुणाकार, म्हणजे जवळपास ३३ टक्के. दहा रात्रींनंतरही ती ११ टक्क्यांच्या आसपास उरते, आणि पाच टक्क्यांच्या खाली यायला चौदा रात्री लागतात. दोन रात्रींची सहल करून ‘इथे ही जात नाही’ असे लिहिणे का चुकीचे, ते या हिशेबातून उघड होते.

न सापडलेल्यांचा अंदाजही करता येतो. ॲन चाओ या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलेली एक रीत फार सुटसुटीत आहे. संपूर्ण पाहणीत फक्त एकदाच दिसलेल्या प्रजाती किती आणि नेमक्या दोनदा दिसलेल्या किती, हे पाहायचे. पहिल्या आकड्याचा वर्ग करून त्याला दुसऱ्याच्या दुपटीने भागायचे. समजा एकूण १४ प्रजाती मिळाल्या. त्यांतल्या ४ एकदाच दिसल्या आणि २ दोनदा. चाराचा वर्ग १६, भागिले चार, म्हणजे ४. तेव्हा तिथे निदान १८ प्रजाती असाव्यात. तर्क सरळ आहे: एकदाच भेटलेल्या पाहुण्यांची संख्या मोठी असेल, तर अजून न भेटलेलेही बरेच असणार. मात्र या हिशेबासाठी प्रत्येक रात्रीची मेहनत मोजलेली हवी. चार जाळी पाच तास लावली तर ते वीस जाळी-तास झाले. जाळ्याची लांबी, डिटेक्टर चालू असलेले तास, चंद्राची स्थिती आणि पाऊस हेही लिहायचे. अनेक वटवाघळे लख्ख चांदण्यात उघड्यावर येणे टाळतात, म्हणून पौर्णिमेच्या रात्रीची अमावास्येच्या रात्रीशी तुलना करता येत नाही. मला विचाराल तर छायाचित्रांनी भरलेल्या अहवालापेक्षा या रुक्ष रकान्यांनी भरलेला अहवाल कितीतरी मोलाचा, कारण वीस वर्षांनी कोणी त्याच कोंडावर जाळे लावले तर तुलना त्याच रकान्यांशी होणार आहे.

वटवाघळे पकडण्यासाठी राज्याच्या वन्यजीव विभागाची लेखी परवानगी लागते, आणि हे काम प्रशिक्षित माणसांनीच करायचे असते. जाळ्याजवळ सतत माणूस हवा, दर दहा-पंधरा मिनिटांनी तपासणी हवी, गाभण मादीला मोजमापासाठी ताटकळत ठेवू नये. बहुतेक वटवाघळांना वर्षाला एकच पिल्लू होते. पिल्लांच्या काळात गुहेत उजेड आणि गडबड केली तर घाबरलेल्या माद्यांकडून पिल्ले खाली पडतात, आणि तो तोटा भरून यायला वर्षे जातात. रेबीजची लस, हातमोजे, मास्क आणि एका गुहेतून दुसरीत जाण्यापूर्वी बूट व साहित्य निर्जंतुक करणे हेही आले. उत्तर अमेरिकेत २००६ नंतर एका बुरशीने लाखो वटवाघळे मेली, आणि माणसांच्या कपड्या-साहित्यातूनही ती बुरशी पसरू शकते. आपल्याकडे २०१८ मध्ये केरळात निपाह विषाणूची साथ आल्यानंतर वटवाघळांविषयी भीती वाढली. अर्धवट खाल्लेली फळे न खाणे आणि प्राण्याला उघड्या हाताने न शिवणे एवढी काळजी घ्यावीच. वसाहतीखाली धूर करून त्यांना हुसकावणे मात्र टाळावे, कारण घाबरून विखुरलेली वटवाघळे नव्या जागांवर जातात आणि माणसांशी संपर्क वाढतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळे उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली.

परवानगी, जाळे आणि यंत्र यांतले काहीही नसताना करता येण्यासारखे एक काम उरते, आणि गोव्यातल्या गावांतून ते फार चांगले होऊ शकते. घराच्या कौलांखाली, मांगराच्या आढ्याला किंवा देवळाजवळच्या वडावर वटवाघळे असतील, तर सूर्यास्ताच्या थोडे आधी अशा जागी बसावे की बाहेर पडणारी वटवाघळे मावळतीच्या उजेडावर काळी दिसतील. टॉर्च लावू नये. पहिले बाहेर पडल्याची वेळ लिहावी आणि शेवटचे जाईपर्यंत, दर पाच मिनिटांना किती गेली ते मोजावे. दोघे असतील तर वेगवेगळे मोजून आकडे ताडून पाहावेत. महिन्यातून एकदा, शक्यतो चंद्राच्या त्याच अवस्थेला, त्याच जागेवरून हे करावे, आणि वहीत तारीख, बसल्याची आणि उठल्याची वेळ, पाऊस-वारा आणि आकडा लिहावा. एखाद्या संध्याकाळी एकही बाहेर पडले नाही, तर त्या तारखेपुढे शून्य लिहावे. रकाना मोकळा सोडू नये.